पाण्याचा पेपर

नारायणगुडा, हैदराबाद
रविवार, सकाळचे साडेनऊ

प्रिय मृण्मयी,

पत्र बघून दचकू नकोस. बाबांची तब्येत ठीक आहे, माझीही. एकाच शहरात राहणाऱ्या मुलीला आईने पत्र लिहायचं आणि तेही मराठीत, म्हणजे काहीतरी बिनसलंय असं तुला वाटणारच. अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढतेय. जोडाक्षरांपाशी तू अडखळतेस हे मला माहीत आहे. अडलीस तर त्या शब्दाचा फोटो काढून मला पाठव, पण अर्ध्यावर सोडू नकोस. फोनवर सांगायला गेले की तू ‘आई, शॉर्टमध्ये सांग ना’ म्हणतेस, आणि हे शॉर्टमध्ये सांगता येत नाही. शुक्रवारपासून तीनदा तुला फोन लावला. तिन्ही वेळा जेवलीस का, कपडे धुवायला बाई येते का, एवढंच विचारून ठेवला.

आज उठल्यापासून मी एका जागी बसलेली नाही. मसाल्याचे डबे पुसून झाले, कढीपत्त्याला दोनदा पाणी घातलं, तुझ्या खोलीतलं कपाट उघडलं आणि तसंच बंद केलं. शेवटी बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘चारू, एकतर बस, नाहीतर बाहेर जाऊन ये.’ म्हणून बसले. चहा समोर आहे, त्यावर साय धरलीय.

बोर्ड ऑफ स्टडीजपासून सुरुवात करते. तुला आठवतं, लहानपणी तू त्याला ‘बोर्ड ऑफ समोसे’ म्हणायचीस? वर्षातून दोनदा ती मीटिंग असायची आणि माझ्या वाट्याचा समोसा मी कागदात गुंडाळून पर्समधून तुझ्यासाठी आणायचे. तुला वाटायचं, आम्ही तिथे समोसेच खातो. आम्ही खरं तर भांडायचो. मुलींना काय शिकवायचं, काय सोडून द्यायचं, कुठलं प्रॅक्टिकल आधी घ्यायचं, यावरून. आपले एकनाथराव सर, युनिव्हर्सिटीतून रिटायर झालेले, बाहेरचे तज्ज्ञ म्हणून यायचे. एका युनिटवरून त्यांचं आणि माझं दोन मीटिंगा पेटलं होतं. शेवटी ते हात वर करून म्हणाले, ‘बाई, वर्गात उभं तुम्हाला राहायचंय, तुम्ही म्हणाल तसं.’ मी घरी येऊन ते वाक्य बाबांना तीनदा सांगितलं होतं. कॉलेज ऑटोनॉमस आहे म्हणजे आमच्या केमिस्ट्रीचा अभ्यासक्रम आम्हीच ठरवायचा. गेली सहा वर्षं हेड म्हणून त्या मंडळाची चेअरपर्सन मी आहे. नेमणुका, वर्गाच्या जागा, टाइमटेबल, यातलं काही आम्हा शिक्षकांच्या हातात नाही. हातात होतं ते एवढंच.

आता भाग्यलक्ष्मीबद्दल. तू तिला एकदाच भेटलीस, संक्रांतीला घरी आली होती ती. उंच, सावळी, कायम घाईत असल्यासारखी चालणारी. आदिलाबादकडच्या मराठी शेतकरी घरातली. घरात कॉलेजात गेलेली ही पहिलीच. आमच्याकडे पाच वर्षं कॉन्ट्रॅक्टवर होती, दर जूनमध्ये नवी ऑर्डर. आमच्या स्टाफरूममध्ये तेलुगू चालतं, वर्गात इंग्रजी, कॉरिडॉरमध्ये मुलींचं दक्खनी. मराठी फक्त आम्हा दोघींत. तिची मराठी माझ्यासारखी नाही, ‘मले’, ‘तुमाले’ अशी. पहिल्यांदा ऐकून मला हसू आलं होतं. पुढे पुढे ती रजेवर असली की दिवसभरात मराठीचा एक शब्द तोंडातून जायचा नाही आणि घरी आल्यावर मी बाबांशी जास्तच बोलायचे.

तीन वर्षांपूर्वी तिने एक नवा पेपर लिहून आणला. पाण्याची तपासणी. नुसती पुस्तकातली नाही. प्रत्येक मुलीने आपल्या घरचं पाणी बाटलीत भरून आणायचं, बाटलीवर गल्लीचं नाव, नळाचं की बोअरचं, तारीख. मग सेमिस्टरभर ते पाणी तपासायचं. मी तिला तो तीनदा परत लिहायला लावला. दोन सेमिस्टर तो पेपर चालला आणि मृण्मयी, एकतीस वर्षांत मी लॅबमध्ये तसं काही पाहिलेलं नाही. एरवी टायट्रेशन म्हणजे मुली ब्युरेटकडे बघत जांभया देतात. या मुली भांडायच्या. लाल रंगाचा निळा व्हायला किती थेंब लागले, उप्पलच्या पाण्याला किती, काचीगुड्याच्या पाण्याला किती. मलकपेटच्या सुमय्याने आपल्या अपार्टमेंटच्या टाकीचं पाणी तपासलं, रिपोर्ट उर्दूत लिहून काढला आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये नेऊन ठेवला. टाकी धुवून घेतली पोरीने! दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये अशी आली की जणू निवडणूक जिंकून आलीय.

आता तुझ्याकडे येते. तू पीएच.डी. अर्धी टाकून पुण्याहून परत आलीस, त्या आठ महिन्यांचा विषय आपण कोणी काढत नाही. बाबा तर त्या वर्षाबद्दल बोलायची वेळ आली तर ‘जिना दुरुस्त केला त्या वर्षी’ म्हणतात. मी कॉलेजला निघताना तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस आणि परत यायचे तेव्हाही तशीच. ताटात वाढलेलं तसंच. मी तिसऱ्या पिरियडनंतर रोज फोन करायचे आणि तू उचलेपर्यंत रिंगा मोजत राहायचे. हे तुला कधी सांगितलेलं नाही. मग तुला ही गच्चीबावलीची नोकरी लागली, शाळा-कॉलेजांसाठी स्क्रीनवरचे सायन्सचे धडे आणि प्रयोग तयार करायची. तू पुन्हा केस विंचरायला लागलीस. एका रविवारी तू स्वयंपाकघरात मोठ्याने गाणं म्हणत होतीस, बाबा माझ्याकडे बघून बाहेर गॅलरीत गेले. त्या कंपनीबद्दल माझ्या मनात काय असेल, ते यावरून समजून घे.

फेब्रुवारीत प्रिन्सिपलनी मला बोलावलं. व्हर्च्युअल लॅबचा प्रस्ताव होता. प्रॅक्टिकलं बरीचशी स्क्रीनवर, खऱ्या लॅबमध्ये मुली पंधरवड्यातून एकदा. त्याबरोबर तयार अभ्यासक्रमही कंपनीच देणार, युनिटसकट, प्रश्नांसकट. आम्ही फक्त आमचा म्हणून पास करायचा. प्रस्तावावर तुमच्या कंपनीचं नाव. मी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. प्रिन्सिपल इंग्रजीत म्हणाले, ‘मॅनेजमेंटचं जवळजवळ ठरलंय मॅडम, तुमच्या बोर्डाचं फॉर्मल अप्रूव्हल तेवढं हवं.’ आणि त्याच आठवड्यात तुझा फोन आला. तू उघडपणे काही मागितलं नाहीस. प्रोबेशन संपत आलंय, तुमचं कॉलेज आलं तर माझ्या प्रॉडक्टचं ते पहिलं कॉलेज असेल, एवढं म्हणालीस. मग थोडं थांबून, ‘बघ ना, आई.’ मी म्हणाले, ‘बघते.’

त्या रविवारी बाबा बाहेर गेल्यावर मी तुझे धडे उघडून पाहिले. कोणी लिहिलेत हे कुठे लिहिलंय का, ते शोधायच्या आधीच मला कळलं. आम्ल-अल्कलीचा पहिला धडा. एका लहान मुलीच्या पांढऱ्या फ्रॉकवर वरण सांडतं, तिची आई डागाला साबण लावते, पिवळा डाग एकदम लाल होतो आणि मुलगी रक्त आलं म्हणून रडायला लागते. तू चार वर्षांची होतीस. बर्कतपुऱ्याच्या लग्नातून आलो होतो आपण. मग मी तुला हळदीचं पाणी करून दाखवलं होतं, चुना घालून लाल, लिंबू पिळून परत पिवळं. तू ते अगदी नीट मांडलंयस. माझं बोट स्क्रीनवरून हलेना. बाकीचे धडेही चांगले आहेत, हे मी तुला आई म्हणून सांगत नाही. तुझं काम वाईट असतं तर मला किती सोपं गेलं असतं!

मीटिंग मार्चमध्ये झाली. आम्ही सात जण होतो, शिवाय प्रिन्सिपल आणि तुमच्या कंपनीचा तेजस नावाचा मुलगा. टेबलावर अजेंड्याबरोबर मिनिट्सही छापून ठेवलेली होती. मीटिंग सुरू व्हायच्या आधी, तिच्यात काय ठरलं ते. ‘सर्वानुमते मंजूर’ असं खाली. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं मी म्हणू शकत नाही. तेजसने डेमो दाखवला, छान दाखवला. पाण्याच्या पेपरला नव्या यादीत जागा नव्हती, त्याऐवजी एक सिम्युलेशन होतं, त्यातही टायट्रेशन, त्यातही लालचा निळा.

मग भाग्यलक्ष्मी उभी राहिली. बसूनच बोलायची पद्धत आहे, पण ती उभी राहिली. इंग्रजीत बोलली, पण मला ते तिच्या मराठीतच ऐकू येत होतं. ती म्हणाली, सर, या स्क्रीनवरचं पाणी कुणाच्या घरचं आहे? इथे उत्तर दर वेळी बरोबरच येतं. माझ्या मुलींचं पहिल्या महिन्यात चुकतं, मग त्या पिपेट धुतात, परत करतात, परत चुकतं. चुकल्याशिवाय पाणी तपासायला कशा शिकतील? स्क्रीन असू द्या, मी नको म्हणत नाही, पण लॅबच्या आधी असू द्या, लॅबच्या जागी नको. आणि हा अभ्यासक्रम आम्हा शिकवणाऱ्यांना आज सकाळी मिळालाय, तो आम्ही कधी वाचला? प्रिन्सिपल घड्याळाकडे बघत होते. ती म्हणाली, माझा विरोध मिनिट्समध्ये लिहून घ्यावा. कॉन्ट्रॅक्टवरच्या मुलीने हे म्हणायचं म्हणजे काय, ते तुला कळत असेल. तिची ऑर्डर जूनमध्ये निघायची होती.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकनाथराव सर शेजारी होते. हळूच मराठीत म्हणाले, ‘चारुलताबाई, चेअर तुम्ही आहात.’ बस, एवढंच. माझ्या जिभेवर दोन वाक्यं होती. एक, विरोध लिहून घ्या. दुसरं, या कंपनीत माझी मुलगी काम करते, म्हणून या विषयावर मी खुर्चीत बसणं बरोबर नाही. दोन्ही साधी वाक्यं, नियमांत बसणारी. आणि माझ्या डोळ्यांसमोर तू, भिंतीकडे तोंड करून. मी म्हणाले, ‘चर्चा झालेली आहे, आपण पुढे जाऊ या.’ भाग्यलक्ष्मी थोडा वेळ उभीच राहिली. मग बसली. मी छापील मिनिट्सवर सही केली. पेन नीट उमटेना म्हणून कोणीतरी दुसरं दिलं.

बाहेर व्हरांड्यात तेजस माझ्या मागे आला. अगदी गोड मुलगा, वाकून नमस्कार केला. म्हणाला, ‘थँक्यू आंटी. मृण्मयी बोलली होती, मम्मीचं कॉलेज म्हणजे झालंच समजा.’ तू असं म्हणालीस का, हे मी तुला विचारणार नाही. कदाचित तो आपल्याच मनाने बोलला असेल, विकणाऱ्या माणसांना तशी सवय असते. पण त्या दिवशी मेट्रोने घरी न येता मी पायी आले. हिमायतनगरच्या सिग्नलला किती वेळ उभी होते, लाल-हिरवं काही दिसत नव्हतं. घरी आले तर तुझा मेसेज आलेला, नाचणाऱ्या बाहुल्या आणि ‘लव्ह यू आई’. मी पण बाहुली पाठवली.

एप्रिलमध्ये अ‍ॅकॅडमिक कौन्सिलने शिक्का मारला. तुझं कन्फर्मेशन झालं, आपण तिघं बिर्याणी खायला गेलो, तू बाबांना जबरदस्तीने डबल का मीठा खायला लावलंस. त्याच महिन्याच्या शेवटी लॅबचे तास कमी झाले म्हणून दोन कॉन्ट्रॅक्टवाल्यांची नावं वगळली, त्यात भाग्यलक्ष्मीचं. विठ्ठलने सांगितलं. विठ्ठल म्हणजे आमचा लॅब अटेंडंट, तुला गॅसच्या बर्नरवर निळी-हिरवी ज्योत करून दाखवायचा तो. तेलुगूत म्हणाला, ‘मॅडम, भाग्यलक्ष्मी मॅडम किल्ल्या देऊन गेल्या. तुम्ही क्लासमध्ये होतात.’ मी क्लासमध्ये नव्हते. शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते, त्याला ते ठाऊक होतं. त्याने माझी लाज राखली.

सुट्टीभर मी घरात नुसती फिरत होते, तू विचारलंस पण होतंस, आई तुला काय झालंय, थायरॉइड चेक कर. केलं. नॉर्मल आलं.

बारा जूनला कॉलेज उघडलं आणि तिसऱ्याच दिवशी सुमय्या माझ्या केबिनच्या दारात. बरोबर धाकटी चुलत बहीण, आमच्याकडे नवीन ॲडमिशन घेतलेली. ती पोरगी घरून पाण्याची बाटली भरून घेऊन आली होती, गल्लीचं नाव लिहून. बहिणीने सांगितलं होतं ना, आमच्याकडे असं करतात म्हणून. सुमय्या म्हणाली, ‘मॅडम, पानी का पेपर कायकू निकाल दिये आप लोगां?’ रागाने नाही विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हणाले, बोर्डाने ठरवलं. ती म्हणाली, ‘बोर्ड में तो आप हैं ना मॅडम.’

त्या दिवशी दुपारचे दोन्ही तास मी शिकवले, पण काय शिकवलं ते विचारू नकोस. मग भाग्यलक्ष्मी कुठे आहे त्याची चौकशी केली. दिलसुखनगरला एका कोचिंग सेंटरमध्ये, एंट्रन्सच्या बॅचेसना केमिस्ट्री शिकवते. शनिवारी तिकडे गेले. साड्यांच्या दुकानावर दुसरा मजला, जिना इतका अरुंद की उतरणाऱ्या पोरांसाठी मला दोनदा भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. आतून तिचा आवाज येत होता, माइकवर. चार पर्याय, त्यातला कुठला चुकीचा म्हणून आधी सोडून द्यायचा, ते सांगत होती. दीडशे पोरं, आणि टेबलावर एक काचेचं भांडंसुद्धा नाही.

ती बाहेर आली, मला पाहून थबकली आणि मग वाकून पाया पडली. ते मला सहन झालं नाही. आम्ही जिन्यातच उभ्या होतो. वरून-खालून पोरं जात होती, मी बोलायला सुरुवात करायचे आणि कोणी आलं की थांबायचे. शेवटी एकदम म्हणून टाकलं, ‘भाग्यलक्ष्मी, त्या कंपनीत माझी मुलगी आहे. ते धडे तिचे आहेत. मी मीटिंगमध्ये सांगितलं नाही.’

ती म्हणाली, ‘हौ मॅडम. मले माहीत होतं.’

डेमोच्या शेवटी नावं येतात ना, तिने तुझं नाव वाचलं होतं. मी स्टाफरूममध्ये तुझ्याबद्दल इतकं बोलायचे, ती कशी विसरेल? मी विचारलं, मग तू तिथे बोलली का नाहीस? तुझ्या एका वाक्यात सगळं थांबलं असतं. ती जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडत होती. म्हणाली, ‘तुमी सांगसान म्हणून वाट पाहत होते. मी उभी राहिली न मॅडम, तवा मले वाटलं, आता मॅडम बोलतील. म्हणूनच बसत नव्हते.’

मृण्मयी, मी जिन्याच्या पायरीवर बसले. साडीला काय लागतंय ते न बघता. ती पण शेजारी बसली, तिने पाण्याची बाटली दिली. मी तिला परत बोलवायला आले होते, म्हणजे तसं मी स्वतःला सांगून निघाले होते. प्रिन्सिपलशी बोलते, काहीतरी करते म्हणाले. ती हसली. म्हणाली, ‘नक्को मॅडम, माझ्यासाठी काही नका करू. परत यीन का नाही ते आत्ता मलेच माहीत नाही. पण मी तिथं बोलले होते. तेवढं कागदावर असू द्या.’ तिची पुढची बॅच भरत होती. ती उठून आत गेली, माइकवर परत तिचा आवाज आला.

पुढचे चार-पाच दिवस मी माझ्याशीच भांडत होते. बाबांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ते ऐकून घेतात तसे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, ‘काय करायचं ते तुला कळलेलं आहे, तू फक्त इकडून तिकडे फिरतेयस.’ शुक्रवारी सकाळी मी प्रिन्सिपलच्या हातात पत्र दिलं. दीड पानाचं. त्यात लिहिलंय की मार्चच्या मीटिंगची मिनिट्स आधीच छापलेली होती, की भाग्यलक्ष्मीने विरोध नोंदवायला सांगितलं होतं आणि चेअर म्हणून मी तो नोंदवला नाही, तिचे मुद्दे शब्दशः खाली दिले आहेत, की त्या सहीला मी स्वतःच हरकत घेते आहे, म्हणून हा विषय बोर्डापुढे पुन्हा यावा. हेडपदाचा राजीनामा सोबत जोडला. प्रिन्सिपलनी वाचलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, ‘कोई पूछा क्या आपको मॅडम? रिटायरमेंट को दो साल हैं. वापस ले लो, मैं देखाच नहीं समझो.’ वाईट माणूस नाहीत ते, त्यांच्यावरही वरून दाब आहे. मी म्हणाले, इनवर्डचा शिक्का बाहेरच मारून घेतलाय, सर. आणि एक प्रत एकनाथराव सरांना दिलीय. मग त्यांनी लावलेलं दार परत उघडलं.

गुरुवारी अकरा वाजता मीटिंग आहे. संदीप सर चेअर असतील, माझ्यानंतरचे सीनियर. तो विषय चालू असताना मी खोलीत बसायचं नाही, असं मीच पत्रात लिहिलंय, म्हणून मी व्हरांड्यातल्या बाकावर असेन. आत काय ठरेल, सांगता येत नाही. संदीप सर घाबरट आहेत, एकनाथराव सर आता वयामुळे मोठ्याने बोलू शकत नाहीत, बाकीच्यांना जूनच्या ऑर्डरी आत्ताच मिळाल्यात. कदाचित परत ‘सर्वानुमते’च होईल. पण या वेळी मिनिट्स नंतर लिहिली जातील, आणि भाग्यलक्ष्मीचं बोलणं त्यांना जोडलेलं असेल.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, ते. शुक्रवारच्या त्या पत्रात तुझं नाव आहे. पूर्ण नाव, तुझं पद, आणि फेब्रुवारीत तू मला फोन केला होतास हेही. ते लिहिल्याशिवाय बाकी कशालाच अर्थ राहत नव्हता, मी दहा प्रकारे लिहून पाहिलं. पत्राची प्रत तुमच्या कंपनीला जाईल, बहुतेक बुधवारी. तुझे साहेब तुला बोलावतील, तेजस तुझ्याकडे बघायचं टाळेल, कन्फर्म झालेली नोकरी राहील की नाही ते मला माहीत नाही. बाबा म्हणत होते, आधी मुलीला सांग आणि मग ते पत्र दे. मी उलट केलं. आधी तुला सांगितलं असतं, आणि तू फोनवर नुसती गप्प झाली असतीस, तर मी ते दिलं नसतं. मार्चमध्ये मी तुझ्या नावाखाली लपले, आणि आता तुला न विचारता तुझं नाव उघड्यावर ठेवलं. दोन्ही मीच केलं. उद्या सकाळी आबिड्सच्या मोठ्या पोस्टातून हे स्पीडपोस्ट करते, म्हणजे मंगळवारी, तुझ्या ऑफिसला कळायच्या आधी, तुझ्या हातात पडेल. फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. चिडून आलीस तर चिडूनच ये, दार वाजवू नकोस, किल्ली आहे तुझ्याकडे. फक्त त्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडू नकोस, मृण्मयी. माझ्याकडे तोंड कर आणि काय बोलायचं ते बोल. मी ऐकेन, मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझीच, तुझी वाट बघणारी,
आई